निर्वासितांचा पासपोर्ट

जुन्नरहून कोंकणांत उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर दगडाचा एक रांजण आहे. घाटानें जाणारे व्यापारी त्यांत जकातीचीं नाणीं टाकीत, असें लोक सांगतात. आजच्या सीमेवर नुसत्या नाण्यानें भागत नाहीं. आपण कोणत्या सरकारचे, हें कागद दाखवून सांगावें लागतें. मग ज्याला आपल्याच सरकारपासून पळावें लागलें, त्यानें काय सांगावें?

जुन्नर-आंबेगांवच्या खोऱ्यांत बसून हा प्रश्न दूरचा वाटतो. पण कोल्हापूरजवळ वळिवडे येथें तो पांच वर्षें मुक्कामाला होता. १९४३ पासून १९४८ पर्यंत तेथील छावणींत सुमारें ५,००० पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बायकामुलेंच फार. १९४०-४१ त सोव्हिएट सत्तेनें त्यांना पूर्व पोलंडांतून सैबेरिया व कझाकस्तानांत हद्दपार केलें होतें. तेथून सुटून इराणमार्गें तीं इकडे आलीं. त्यांचा कैवार मुंबईतील पोलिश वकिलात घेई. ती लंडनमधील निर्वासित सरकारची. जुलै १९४५ त ब्रिटननें त्या सरकारची मान्यता काढून वॉर्सातील नव्या सरकारला दिली. ज्या गांवांतून तीं निघालीं, तीं गांवेंही सोव्हिएट हद्दींत गेलीं. आतां पोलंडचा कागद मागावा तर ज्याचें भय, त्याच्याच छत्राखालीं जावें. न मागावा तर आपण कोणाचेच नाहीं! थोडीं परत गेलीं. कित्येकांनीं ब्रिटन, ऑस्ट्रेलिया गांठलें.

१९५१ च्या जिनीव्हा करारानें हा पेच कायद्यांत आणला. आपखुषीनें मायदेशाच्या सरकारचें संरक्षण पुन्हा पत्करणाऱ्याचें निर्वासितपण संपूं शकतें. आणि त्या सरकारचा पासपोर्ट घेणें ही त्याची एक खूण समजली जाते. आश्रय देणाऱ्या देशानेंच तो आणावयास लावला, असा खुलासा करतां येतो. पण खुलाशाचा भार त्या माणसावरच पडतो.

याहून मोठें भय वाटेंतलें. पासपोर्टासाठीं वकिलातींत पाऊल टाकलें कीं आपला ठावठिकाणा आपणच कळविला. तो मध्येंच रद्द झाला तर परक्या विमानतळावर अडकून पडावें. आणि आई अंथरुणाला खिळली म्हणून कोणी जीव मुठींत धरून मायदेशीं उतरलाच, तर तेथें तो त्या सरकारचाच नागरिक. अटक झाल्यास आश्रयदात्या देशाला फारसें कांहीं करतां येत नाहीं. आईच्या पत्राला ‘येत नाहीं’ असें उत्तर लिहिण्यास काय धैर्य लागत असेल!

यासाठींच त्या करारांत आश्रयदात्या देशानें प्रवासपत्र देण्याची सोय आहे. तें घेऊन सामान्यतः मायदेश वगळून अन्यत्र जातां येतें, आणि परतही येतां येतें. भारतानें त्या करारावर सही केलेली नाहीं. तरी तिबेटी निर्वासितांना आपलें सरकार ओळखीचें प्रवासपत्र देतें. गोंदिया जिल्ह्यांतील तिबेटी वसाहतींतला तरुण त्यावर परदेशीं जाऊं शकतो. त्यासाठीं त्याला चीनच्या वकिलातीचा उंबरठा चढावा लागत नाहीं.