शेजारच्या भाषा आणि भाषांतरकाराची निवड

दोन भाषा एकमेकींना जवळच्या असल्या म्हणजे भाषांतर सोपें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती किती फसवी आहे, तें आज क्रोएशियन व पोलिश या भाषांच्या उदाहरणानें पाहूं.

दोन्ही भाषा स्लाव्ह कुळांतल्या व दोन्ही रोमन लिपींत लिहिल्या जाणाऱ्या. परंतु क्रोएशियन दक्षिण शाखेची, तर पोलिश पश्चिम शाखेची. 'लिस्तोपाद', म्हणजे पानगळ, हें दोहोंतहि महिन्याचें नांव. पण झाग्रेबमध्यें तो ऑक्टोबर, तर वॉर्सामध्यें नोव्हेंबर. 'स्तोलित्सा' म्हणजे क्रोएशियनमध्यें खुर्ची, पोलिशमध्यें राजधानी. क्रोएशियन 'गोदिना' म्हणजे वर्ष. पोलिश 'गोजिना' म्हणजे तास. कादंबरींतील विरहिणीनें वर्षभर वाट पाहावी आणि भाषांतरांत ती तासाभरांत सुटावी, असा अनर्थ यांतून होऊं शकतो. हिंदींतील 'शिक्षा' हा शब्द वाचून मराठी विद्यार्थी दचकतो, त्यांतलाच हा प्रकार.

मग क्रोएशियन लेखकानें आपल्या पुस्तकासाठीं पोलिश भाषांतरकार शोधावा कसा? पहिली कसोटी अशी कीं, पोलिश ही त्याची मातृभाषा असावी. मूळ समजणें हें अर्धेंच काम. उरलेलें अर्धें आपल्या भाषेंत बोलणें हें होय.

दुसरी कसोटी छापलेल्या कामाची. पोलिशमध्यें उतरलेलीं क्रोएशियन पुस्तकें ग्रंथालयांत पाहावीं व भाषांतरकारांचीं नांवें टिपावीं. पोलंडमध्यें साहित्य-भाषांतरकारांचा संघ २०१० पासून आहे. क्रोएशियांत असा संघ १९५३ सालींच स्थापन झाला. तेथेंहि विचारणा करावी. न्यायालयीन कागदपत्रांसाठीं शपथबद्ध भाषांतरकार असतात. परंतु खरेदीखत बिनचूक उतरविणाऱ्यास कविता साधेलच असें नाहीं.

तिसरी कसोटी नमुन्याच्या पानाची. संवाद किंवा किनाऱ्यावरील चाकाव्ह बोली असलेला कठीण उतारा द्यावा, त्याचा योग्य मोबदला द्यावा, आणि क्रोएशियन न जाणणाऱ्या रसिक पोलिश वाचकाकडून तो वाचून घ्यावा. तो जेथें अडखळेल, तेथें भाषांतर अडखळलें आहे असें समजावें.

सभेंतील दुभाष्याचें काम निराळें. त्याला कोश उघडण्यास अवसर नसतो. म्हणून उत्तम भाषांतरकार उत्तम दुभाष्या असेलच, असें गृहीत धरूं नये.

माणूस मिळत नाहीं म्हणून इंग्रजींतून भाषांतर करविण्याचा मोह होतो. पण एका भांड्यांतून दुसऱ्यांत व दुसऱ्यांतून तिसऱ्यांत ओततांना दूध सांडावयाचेंच. हा मोह टाळण्याची सोय युलिये बेनेशिच यांच्यासारख्यांनीं करून ठेविली. त्यांनीं १९३० नंतरच्या दशकांत वॉर्सामध्यें युगोस्लाव्ह साहित्याची ग्रंथमाला चालविली आणि १९४९ सालीं क्रोएशियन-पोलिश कोश प्रसिद्ध केला. पुढें २०१२ सालीं बोस्नियांत जन्मलेले लेखक मिल्येंको येर्गोविच यांच्या कादंबरीस पोलंडचें 'अँजेलस' पारितोषिक मिळालें. तें पोलिश भाषांतरावांचून मिळणें शक्य नव्हतें.

२०२१ च्या शिरगणतींत क्रोएशियाची लोकसंख्या चाळीस लाखांहून कमी भरली. एवढ्या लहान भाषेच्या लेखकाला परक्या देशांत स्वतःचा आवाज नसतो. भाषांतरकाराचा आवाज हाच त्याचा आवाज. म्हणून ही निवड घाईनें करूं नये, आणि निवडलेल्या माणसाचें नांव पुस्तकावर ठळक छापण्यास संकोचूं नये.