टाचेचे दुखणे : कारणे आणि उपाय



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील हृदय, मेंदू असे भारदस्त विषय इतर वक्त्यांनी आधीच पटकावले. आमच्या वाट्याला पाय आले. त्याबद्दल आमची तक्रार नाही. अस्थिरोगांच्या व्यवसायात आम्हांस असे आढळून येते की, टाच महिनोन् महिने दुखत असूनही 'एवढ्याशा दुखण्यासाठी डॉक्टर कशाला' म्हणून लोक ते अंगावर काढतात. गणपतीच्या दिवसांत ह्याच सभागृहाच्या स्वयंपाकघरात तासन् तास अनवाणी उभ्या राहणाऱ्या भगिनी तर हे दुखणे प्रसादासारखे निमूटपणे पदरात घेतात.

ह्या दुखण्याची ओळख एका प्रश्नाने पटते. सकाळी अंथरुणातून उठून टाकलेले पहिले पाऊल कसे पडते? टाचेच्या तळाशी, किंचित आतल्या बाजूस, खिळा रुतावा तशी कळ येते. थोडे चालल्यावर ती ओसरते आणि दिवसभराच्या उभ्या कामानंतर सायंकाळी पुन्हा डोके वर काढते. बराच वेळ बसून उठल्यावरही तेच. वर्णन असे जुळले, तर दुखण्याचे मूळ बहुधा तळपायाच्या पट्ट्यात असते.

तळपायाच्या कातडीखाली, टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत एक चिवट तंतुमय पट्टा पसरलेला असतो. वैद्यकात त्याला 'प्लांटर फॅशिया' म्हणतात. धनुष्याला दोरी, तसा पायाच्या कमानीला हा पट्टा. चालताना टाच उचलली की बोटे मागे वळतात आणि रहाटावर दोर गुंडाळला जावा तसा पट्टा ताणला जाऊन कमान वर उचलली जाते. हिक्स ह्या ब्रिटिश संशोधकाने ही यंत्रणा १९५४ साली वर्णन केली. दिवसातून हजारो वेळा बसणारा हा ताण पट्टा टाचेला जेथे चिकटतो तेथे साठतो आणि तेथील तंतू झिजतात. पूर्वी ही सूज आहे अशीच समजूत होती. परंतु जुनाट दुखण्यासाठी शस्त्रक्रिया करून काढलेल्या नमुन्यांची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी २००३ साली प्रसिद्ध झाली, तीत सुजेच्या खुणा नव्हत्या; झीज मात्र स्पष्ट होती. सुजेवरच्या गोळ्यांनी हे दुखणे चार दिवस दबते, पण जात नाही, ते ह्यामुळे.

क्ष-किरणांच्या चित्रात टाचेच्या हाडाला एक काटा दिसतो आणि 'हाड वाढले' ह्या धास्तीने माणूस खचतो. वस्तुतः असा काटा कधीही टाच न दुखलेल्या कित्येकांना असतो आणि टाच दुखणाऱ्या कित्येकांना नसतो. काटा काढल्यावाचून दुखणे बरे होते.

झीज कोणाची होते? चाळिशी ते साठीच्या दरम्यानच्या, दीर्घकाळ उभ्याने काम करणाऱ्या, वजन वाढलेल्या, पोटऱ्या आखडलेल्या मंडळींची. आणि 'उद्यापासून रोज पाच मैल' असा एकाएकी संकल्प सोडणाऱ्यांचीही. आमच्या मते घरातील टणक फरशी ह्यात भर घालते. वहाणा उंबऱ्याबाहेर काढण्याचा आपला संस्कार उत्तमच. पण तो रुजला त्या काळी पायाखाली शेणाने सारवलेली जमीन होती. ओट्यापाशी तीन-तीन तास उभे राहावयाचे असेल, तर केवळ घरात वापरावयाचा, जाड मऊ तळाचा स्वच्छ जोड ठेवावा. सासूबाईंची हरकत आल्यास डॉक्टरांचे नाव सांगावे; देवघरात तो काढून ठेवला की झाले.

मुख्य उपाय बिनखर्चाचा आहे, म्हणूनच त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. सकाळी पाय जमिनीला लावण्यापूर्वीच अंथरुणात बसून दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यावा, बोटे हाताने नडगीकडे ओढावी, तळपायात दोरीसारखा ताणलेला पट्टा दुसऱ्या हाताला लागला पाहिजे. दहा अंक मोजावे, सोडावे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. जोडीला भिंतीला हात टेकून, दुखरा पाय मागे ठेवून, गुडघा ताठ व टाच जमिनीला टेकलेली, अशी पोटरी ताणावी. पुढे बळ आल्यावर पायरीच्या कडेवर, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून, टाचा सावकाश वर-खाली करण्याचा व्यायाम एक दिवसाआड करावा. उतार पडण्यास आठवडे नव्हे, महिने लागतात. बहुतेकांना वर्षाच्या आत आराम पडतो आणि शस्त्रक्रियेची वेळ फार थोड्यांवर येते. बुटात घालावयाच्या गाद्या दुकानातील तयारच घ्याव्यात, महागड्या मापाच्या नंतर पाहता येतील.

आता इंजेक्शन. व्यवसायाच्या प्रारंभीच्या वर्षांत आम्ही टाचेत स्टिरॉइडचे इंजेक्शन सढळ हाताने देत असू. दुखणे काही आठवडे जादूसारखे पळे आणि रुग्ण दुवा देई. एका शिक्षिकेला आम्ही सहा महिन्यांत अशी तीन इंजेक्शने दिली. तिसऱ्यानंतर एके दिवशी जिना उतरताना त्यांच्या तळपायात कट्कन आवाज झाला, पट्टाच तुटला. टाचेची कळ गेली खरी, पण कमान खचली आणि पावलाच्या बाहेरच्या कडेला नवे दुखणे जडले. त्यांना शाळेत वर्षभर खुर्चीवर बसून शिकवावे लागले. त्या आम्हांवर रागावल्या नाहीत, हे आम्हांस अधिक लागले. इंजेक्शन सर्वस्वी वर्ज्य नव्हे. पण तो पहिला उपाय नाही आणि वारंवार करावयाचा तर मुळीच नाही. त्याने टाचेखालची चरबीची गादीही झिजते.

प्रत्येक पायदुखी मात्र ही नव्हे. तरुण मुलाच्या दोन्ही टाचा दुखतात आणि पहाटे कंबरही आखडते, तर संधिवाताची तपासणी हवी. टाच दोन्ही बाजूंनी दाबताच कळ येते, तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. तळपायांची आग आणि मुंग्या असतील, तर रक्तातील साखर व बी-१२ जीवनसत्त्व पाहावे. शाकाहारी घरांत ह्या जीवनसत्त्वाची कमतरता पुष्कळ आढळते आणि मधुमेहावरील मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने ती वाढते.

मधुमेह्याची वेदना आपोआप थांबली तर मात्र आनंद मानू नये. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड ह्यांनी १९४६ नंतर कुष्ठरुग्णांवर काम करताना दाखवून दिले की, त्यांची बोटे रोगाने आपोआप झडत नाहीत. वेदना न कळल्यामुळे झालेल्या जखमा व जंतुसंसर्ग त्यांचा घास घेतात. मधुमेहात बधिर झालेल्या पावलाचे तेच होते. अशा माणसाने पाय गरम पाण्यात शेकू नयेत, भर दुपारी देवळाच्या तापलेल्या फरसबंदीवर अनवाणी प्रदक्षिणा घालू नये आणि रोज रात्री आरशात तळवे पाहावे. कुष्ठरुग्णांच्या बधिर पावलांसाठी वापरले गेलेले मऊ रबर आज 'एमसीआर' चपलांच्या नावाने दुकानांत मिळते.

पट्टा ताणण्याची रीत ज्यांना प्रत्यक्ष पाहावयाची आहे, त्यांनी चहानंतर व्यासपीठापाशी यावे. सतरंजी अंथरून ठेवली आहे.