नकाशा वाचणाऱ्याच्या शेजारी



 नकाशांची परिषद अलिबागेत भरते आहे याचा आम्हा अलिबागकरांना मोठा आनंद आहे, आणि त्या आनंदाला कारण आहे. या गावात चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम धावणार असे ठरले, तेव्हा त्या विजेने कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजमापे बिघडणार हे ओळखून ते काम १९०४ मध्ये इथे हलवण्यात आले. इमारतीत लोखंडाचा अंश नको, म्हणून पोरबंदरी दगड निवडला गेला. आज आपण फोन हातात धरून वळलो की नकाशावरची दिशा दाखवणारी खूणही आपल्याबरोबर वळते. ती फोनमधल्या इवल्याशा चुंबकमापकामुळे. पृथ्वीचे चुंबकत्व मोजण्याचे काम शंभराहून अधिक वर्षे ज्या गावाने जपले, त्या गावात आपण बसलो आहोत.

आपल्यापैकी बरेच जण इथे येण्याआधी फोनवर अलिबागच्या समुद्रातला कुलाबा किल्ला पाहून आले असतील. नकाशावर तो बारा महिने, चोवीस तास पाण्यात असतो. आम्ही मात्र ओहोटीला तिथे चालत जातो. भरतीची वेळ काढायला आमच्या किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी बाराच्या सुमारास. शाळेत न गेलेली आजीसुद्धा हे तोंडी सांगते. बाहेरून आलेला पर्यटक फोनवर किल्ल्याचे अंतर पाहतो, ते अगदीच थोडे दिसते, तो निघतो, आणि परत येताना पाणी चढलेले असते. नकाशातले अंतर बरोबरच होते. पण किल्ल्यावर जाणाऱ्याला विचारायचे असते ते ‘आत्ता जाऊ का?’, आणि त्याचे उत्तर त्या चित्रात कुठेच नव्हते.

या परिषदेचा विषय हाच आहे. लोक इंटरॲक्टिव्ह नकाशे कसे वाचतात, त्यातून काय समजतात आणि त्यावर विसंबून काय करतात. नकाशे कसे बनवावेत यावर आजवर पुष्कळ चर्चा झाली आहे. २००४ मध्ये ओपनस्ट्रीटमॅप सुरू झाला, २००५ मध्ये गूगल मॅप्स आले, २००९ मध्ये इस्रोचे ‘भुवन’ आले. वीस वर्षांत नकाशा भिंतीवरून उतरून प्रत्येकाच्या खिशात आला. वाचणारा मात्र या सगळ्या चर्चेबाहेरच उभा राहिला.

रायगड जिल्ह्यात बोलताना मला ३ जून २०२० हा दिवस टाळता येणार नाही. निसर्ग चक्रीवादळ येणार म्हणून आधीचे दोन दिवस हवामान खात्याचे एक चित्र प्रत्येक फोनवर फिरत होते. मधोमध एक रेषा, रेषेवर तारीख-वेळेचे ठिपके, आणि दोन्ही बाजूंनी पुढे पुढे रुंदावत जाणारा पट्टा. हा पट्टा काय सांगतो? वादळाचे केंद्र यात कुठूनही जाऊ शकेल, एवढेच. पुढची वेळ जितकी लांबची तितका अंदाज सैल, म्हणून पट्टा रुंद. वादळ केवढे आहे, वारा कुठवर पोचेल, पाऊस कुठे पडेल, यातले काहीही तो पट्टा सांगत नाही. पण बाजारात, एसटी स्टँडवर, बंदरावर लोकांचा प्रश्न एकच होता: रेषा आपल्यावरून जाते का? ज्यांच्या गावावरून ती जात नव्हती त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. दूरचित्रवाणीवर तर सगळी चर्चा मुंबईची. वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले, कित्येक गावांनी पुढचे अनेक दिवस अंधारात काढले. सुपारीचे झाड पुन्हा उभे करून उत्पन्नाला यायला किती वर्षे लागतात, हे इथे बसलेल्या बागायतदारांना मी सांगायला नको.

हे आपल्याकडेच घडते असे कोणी समजू नये. ऑगस्ट २००४ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर चार्ली नावाचे वादळ आले. नकाशातली काळी रेषा टॅम्पा शहराकडे जात होती. वादळ वाटेत उजवीकडे वळले आणि दक्षिणेला पुंता गोर्डा परिसरावर आदळले. ते गाव पट्ट्याच्या आतच होते, धोक्याचा इशाराही त्या भागाला आधीच दिलेला होता. तरी अनेकांनी रेषेवरच नजर ठेवली होती. पुढे तिथल्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राने रेषा काढूनच टाकावी का, असा विचार केला आणि लोकांची मते मागवली. लोकांनी रेषा हवी असेच सांगितले. आज त्या केंद्राच्या संकेतस्थळावर रेषेसह आणि रेषेविना अशी दोन्ही चित्रे मिळतात.

मग पट्टाच काढून टाकला आणि त्याऐवजी वादळाच्या अनेक संभाव्य वाटा बारीक रेषांनी दाखवल्या तर? युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी हे करून पाहिले. पट्टा पाहणाऱ्या लोकांना वादळ वाटेत मोठे होत चालले आहे असे वाटले. बारीक रेषा पाहणाऱ्यांची ती समजूत बरीच कमी झाली, पण नवी एक निघाली. त्यातली एखादी रेषा नेमकी आपल्या गावावरून गेली की आपले नुकसान जास्त होणार, असे त्यांना वाटू लागले. रेषा किती आणि कुठून काढायच्या हे तर नकाशा करणाऱ्याने ठरवलेले. एक गैरसमज घालवायला गेलो तर दुसरा उभा राहतो, आणि तो कोणता हे प्रत्यक्ष माणसांना दाखवून पाहिल्याशिवाय कळत नाही. या क्षेत्रात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हेच. वादळाच्या चित्रांचा असा अभ्यास मराठीत, आपल्या किनाऱ्यावरच्या माणसांबरोबर व्हायला हवा, आणि तो या परिषदेतल्या तरुण मंडळींनी हाती घ्यावा असे मी आग्रहाने म्हणतो.

आता जमिनीकडे येतो. कोकणात जमीन गुंठ्यांत मोजतात. गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, जुन्या साखळीची एक एक लांबी. म्हणजे बाजू जेमतेम दहा मीटर. गटाचे नकाशे आता ऑनलाइन पाहता येतात, ही फार मोठी सोय झाली. पण माणसे हा नकाशा उपग्रहाच्या छायाचित्रावर चढवतात, फोन घेऊन वाडीत जातात आणि निळ्या ठिपक्याकडे पाहतात. आमच्याकडे हे दृश्य आता नेहमीचे झाले आहे. दगडी गडग्याच्या दोन बाजूंना दोन भाऊ. थोरला म्हणतो, “तू उभा आहेस ती जागा माझ्या गटात दाखवतंय. गडगा सरकलाय.” धाकटा म्हणतो, “दादा, गडगा आबांच्या वेळचा आहे. तूच तेव्हा दगड वाहिलेस.” फोन दोघांमध्ये साक्षीदार होऊन बसतो.

त्या ठिपक्याभोवती फिक्या निळ्या रंगाचे एक वर्तुळ असते. तुम्ही या वर्तुळात कुठेतरी आहात, एवढेच फोन सांगत असतो. साध्या फोनचे स्थान मोकळ्या आकाशाखाली पाच-एक मीटर इकडेतिकडे असते, आणि माड-पोफळीच्या दाट सावलीत त्याहून जास्त. दहा मीटर बाजूच्या गुंठ्यात पाच मीटर म्हणजे अर्धी बाजू. शिवाय गावाचा नकाशा कागदावर शंकू-साखळीच्या मोजणीतून आलेला, खालचे छायाचित्र आकाशातून आलेले. दोन्ही एकमेकांवर तंतोतंत बसतीलच असे नाही. हद्दीचा निवाडा भूकरमापकाच्या मोजणीने आणि त्या मोजणीच्या नकाशाच्या ‘क’ प्रतीने होतो, हे थोरल्यालाही ठाऊक असते. पण डोळ्यांपुढे ठिपका असताना ते आठवत नाही. ठिपका ठळक आणि वर्तुळ फिके, ही निवड कोणी तरी केलेली आहे. शहरात रिक्षा शोधायला ती ठीक आहे. गडग्यावर ती घरे फोडते. जमिनीचा नकाशा दाखवणाऱ्या पडद्यावर ते वर्तुळच ठळक असावे आणि शेजारी ‘ही मोजणी नाही’ असे मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलेले असावे, अशी माझी स्पष्ट मागणी आहे.

रंगवलेल्या जिल्ह्यांच्या नकाशांबद्दल थोडक्यात बोलतो. फ्रान्समध्ये १८२६ साली शार्ल द्युपँ यांनी साक्षरतेचा असा नकाशा केला, तेव्हापासून ही रीत चालू आहे. करोनाच्या काळात आपण ती रोज पाहिली, निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी अजूनही पाहतो. गडचिरोली जिल्हा चौदा हजार चौरस किलोमीटरांहून मोठा, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणे अकरा लाखांच्या आसपास. बृहन्मुंबई सुमारे सहाशे चौरस किलोमीटर, लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात. राज्याच्या ४८ पैकी मुंबईतल्या सहा लोकसभा जागा नकाशावर शोधाव्या लागतात. डोळा क्षेत्रफळ मोजतो आणि मन त्याला माणसे समजते. भूगोलाच्या शिक्षकांनो, नववी-दहावीच्या मुलांना हे एका तासात शिकवता येते. कृपा करून शिकवा. त्याच तासात ग्रीनलंडही दाखवा. फोनच्या सपाट नकाशावर ते भारताच्या कितीतरी पट दिसते, प्रत्यक्षात भारत त्याच्या दीडपट आहे.

संगणक अभियंत्यांपाशी मला मन मोकळे करायचे आहे. आपण नकाशात थर देता, बटणे देता, काळाची पट्टी सरकवण्याची सोय देता. न्यूयॉर्क टाइम्सच्या ग्राफिक्स विभागाचे आर्ची त्से यांनी २०१६ मध्येच जाहीरपणे सांगितले होते की बहुतेक वाचक बटणे दाबत नाहीत, ते फक्त पान सरकवत जातात. आपली माणसे याहून वेगळी नाहीत. त्यांचा फोन लहान असतो, उन्हात पडदा दिसत नाही, वादळाच्या दिवशी नेटवर्क जाते. जीव वाचवणारी माहिती तिसऱ्या बटणाखाली ठेवली, तर ती ठेवलीच नाही असे समजावे. नकाशा उघडल्याबरोबर, बोट न लावता, जे दिसते तेच बहुसंख्यांसाठी संपूर्ण नकाशा असते.

आणि एक चांगले उदाहरण आमच्या कोळीवाड्यांतून देतो. हैदराबादची इन्कॉइस संस्था उपग्रहांवरून समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि हरितद्रव्य पाहते आणि मासळी कुठे मिळण्याचा संभव आहे ते कळवते. नकाशा असतोच. पण त्याच्याबरोबर साध्या मजकुराचा तक्ताही असतो: अमुक बंदरापासून किंवा दीपगृहापासून अमुक दिशेला, इतके किलोमीटर, इतकी खोली, आणि अक्षांश-रेखांश. होडीचा प्रमुख, म्हणजे तांडेल, ते आकडे आपल्या जीपीएसमध्ये घालतो. खोली मीटरमध्ये आली तर मनात आपल्या जुन्या मापात, वावांत, बदलून घेतो, आणि त्या खोलीला तळ कसा आहे, जाळे टाकावे का, हे तो स्वतःच्या अनुभवाने ठरवतो. चित्र न उघडताही काम होते. दिशा, अंतर, खोली या गोष्टी तांडेल पिढ्यान् पिढ्या याच क्रमाने बोलत आला आहे. म्हणून तो तक्ता त्याला परका वाटत नाही.

वाचणाऱ्याची रीत आधी पाहावी, याच विचाराने आम्ही उद्या दुपारचे सत्र जरा वेगळे ठेवले आहे. त्यात निबंधवाचन नाही. थळ, वरसोली, आक्षी इथले मच्छीमार, बागायतदार, तलाठी, आशाताई आणि दहावीचे विद्यार्थी येणार आहेत. प्रत्येक नकाशाकाराने आपला नकाशा त्यांच्यापैकी एकाच्या हातात द्यायचा, एकच प्रश्न विचारायचा, ‘वादळ तुमच्या घराशी किती वाजता येईल?’ किंवा ‘तुमच्या वाडीची हद्द कुठे आहे?’, आणि मग दहा मिनिटे शेजारी बसून गप्प राहायचे. समजावून सांगायचे नाही, बोट दाखवायचे नाही. ते कुठे थांबले, काय मोठ्याने म्हणाले, कोणत्या रंगाला काय समजले, ते वहीत उतरवायचे. या वह्या परिषदेच्या अहवालात जशाच्या तशा छापायचे स्वागत समितीने ठरवले आहे. आलेल्या पाहुण्यांशी अदबीने वागावे, ते परीक्षा द्यायला आलेले नाहीत, एवढे मात्र प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.

आपल्या निवासाची आणि भोजनाची व्यवस्था स्वयंसेवकांनी मनापासून केली आहे. काही कमी-जास्त वाटले तर थेट मला सांगावे. आता मी उद्घाटक महोदयांना विनंती करतो की त्यांनी दीपप्रज्वलन करून परिषदेचे उद्घाटन करावे.