उतारवयातील कर्णबधिर आणि दुभाष्याची गरज
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आज आम्ही आपल्यापुढे आमच्याच एका चुकीची हकिगत सांगावयास उभे आहोत. आपल्या आरोग्य शिबिरात एक आजोबा आले होते. वय सत्तरीच्या घरात, जन्मापासून कर्णबधिर, उमेदीची वर्षे छापखान्यात खिळे जुळविण्यात गेलेली. सोबत दहा वर्षांचा नातू. त्याला आजोबांच्या खुणा कळतात असे घरच्यांनी सांगितले, तेव्हा आम्हाला बरेच वाटले. आमचे एक काम वाचले. डॉक्टरांनी प्रश्न विचारला, नातवाने हात हलविले, आजोबा बराच वेळ हातांनी सांगत राहिले, आणि नातू एवढेच म्हणाला, "पोटात दुखतं म्हणतात." पित्ताच्या गोळ्या दिल्या गेल्या. तीन महिन्यांनी लघवी पूर्ण तुंबून आजोबांना रुग्णालयात न्यावे लागले. हा त्रास ते शिबिरातच सांगत होते. पोराला ते चारचौघांत बोलायची लाज वाटली होती. दोष पोराचा नाही, त्याला मधे बसविणाऱ्या आमचा आहे.

घरातल्या माणसाने दुभाषी होणे ही आपल्याकडे सर्रास चालणारी गोष्ट आहे. पंगतीत, लग्नकार्यात ती चालूनही जाते. पण आजार, मिळकत आणि मृत्युपत्र या तीन ठिकाणी ती घातक ठरते. मुलगा बापाचे म्हणणे आखडते घेतो, सून आपल्याला सोयीचे तेवढे सांगते, आणि म्हाताऱ्या माणसाला आपल्या तोंडचे नेमके काय पोचले हे कधीच कळत नाही. सह्या मात्र त्याच्याच घेतल्या जातात.

रुग्णालयात आम्ही एका प्रशिक्षित दुभाषी मुलीला नेले. शिक्षण उत्तम, हात सफाईदार. पण आजोबांच्या निम्म्या खुणा तिला उमगेनात. तिने ते लपविले नाही, याचे आम्हाला फार कौतुक वाटले. याचे कारण विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. इ. स. १८८० मध्ये इटलीतील मिलान येथे कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि तिने शाळेत खुणांऐवजी ओठांच्या बोलण्यावरच भर द्यावा असा ठराव केला. त्याची सावली आपल्याकडच्या शाळांवरही दीर्घकाळ राहिली. वर्गात हात बांधून बसावयाचे आणि खुणा शिकावयाच्या त्या मधल्या सुट्टीत, वसतिगृहात, पुढे कारखान्यात, आपल्यासारख्याच मित्रांकडून. भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र दिल्लीत निघाले ते २०१५ साली. त्याचा पहिला शब्दकोश २०१८ मध्ये तीन हजार शब्दांचा होता, २०२१ मध्ये तो दहा हजारांवर गेला. काम मोठे आहे. पण तोवर आमचे आजोबा साठी ओलांडून बसले होते. कोशातली खूण एक आणि त्यांच्या हातातली दुसरी, असे व्हायचेच.

मग त्यांच्या छापखान्यातल्या एका जुन्या मित्राला बोलाविले. तेही कर्णबधिर. डॉक्टरांचे बोलणे दुभाषी मुलगी खुणांनी मित्राला सांगे, मित्र ते आजोबांच्या खुणांत घाली, आणि उत्तर त्याच वाटेने परत येई. वेळ दुप्पट लागला. पण आजोबांनी त्या दिवशी प्रथमच डॉक्टरांना उलट प्रश्न विचारला : शस्त्रक्रिया केली नाही तर काय होईल? इतक्या दिवसांत हा प्रश्न त्यांना पडला असेल असे आमच्यापैकी कोणाच्या मनात आले नव्हते.

आणखी एक गोष्ट त्या मुलीमुळे कळली. सलाईनची सुई आजोबांच्या उजव्या हाताला लावली होती, आणि ते बोलतात उजव्या हाताने. म्हणजे आम्ही त्यांचे तोंडच बांधले होते. परिचारिकेला विनंती केल्यावर सुई डाव्या हाताला गेली. मोतीबिंदू असलेल्या माणसाला अंधाऱ्या खोलीत खुणा दिसत नाहीत, संधिवाताने आखडलेली बोटे अर्धीच खूण करतात. हे सारे दुभाष्याला माहीत हवे. मोबाईलवरून दुभाषी जोडता येतो हे खरे, तरुणांना ते सोयीचे आहे; पण तळहाताएवढ्या पडद्यावरची बोटे वृद्ध डोळ्यांना किती दिसणार?

काही सभासद विचारतात, कागदावर लिहून दाखविले तर? ज्याला वयोमानाने ऐकू येईनासे झाले त्याला लिहिणे आणि श्रवणयंत्र उपयोगी पडते, त्याची मराठी शाबूत असते. जन्मतः बधिर माणसाची गोष्ट निराळी. मराठी त्याच्या कानी कधी पडलीच नाही. आमचे आजोबा हजारो पाने जुळवून गेले, पण त्या पानांतले किती कळे हे त्यांनी आम्हाला हसत बोटांच्या चिमटीने दाखविले.

न्यायालयात बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराला दुभाषी द्यावा आणि जबानीचे चित्रीकरण करावे अशी दुरुस्ती २०१३ साली पुराव्याच्या कायद्यात झाली. २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष अधिनियमातही ती आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने संवादाच्या साधनांत सांकेतिक भाषा धरली आहे. पण म्हातारपणी माणूस कोर्टापेक्षा दवाखान्याच्या पायऱ्या अधिक चढतो, आणि तेथे दुभाषी आणायचा कोणी, त्याचे पैसे द्यायचे कोणी, यावर सगळे एकमेकांकडे पाहतात. आम्हीही पाहिले. दुभाष्याचे काम फुकट करून घेणे म्हणजे समाजकार्य, अशी आपली एक समजूत आहे. ती मुलगी अर्धा दिवस उभी होती आणि आम्ही तिला चहा पाजला, हे सांगताना संकोच वाटतो.

यापुढील शिबिराच्या खर्चात दुभाष्याचे मानधन औषधांच्या आधी लिहावे असे आम्ही कार्यकारिणीला सुचविले आहे. आपापल्या वस्तीत असे वृद्ध असतील त्यांची नावे सभा संपल्यावर कार्यालयात द्यावीत. नावाबरोबर ते कोठे शिकले, कोठे कामाला होते, कोणत्या हाताने बोलतात, आणि त्यांच्या खुणा समजणारा जुना मित्र हयात असल्यास त्याचाही पत्ता लिहावा. नातवाचे नाव लिहू नये.