निर्णय कोणाचा, जाब कोणाला?



२०१५ सालच्या जुलै महिन्याच्या प्रारंभी अथेन्समधील बँकांचे दरवाजे बंद होते. एटीएमपुढे रांगा लागल्या होत्या आणि खातेदाराला दिवसाकाठी केवळ ६० युरो काढता येत होते. अशा अवस्थेत ५ जुलै रोजी ग्रीसमध्ये सार्वमत झाले. धनकोंनी घातलेल्या काटकसरीच्या अटी सुमारे ६१ टक्के मतदारांनी नाकारल्या. लोकशाहीच्या रूढ व्याख्येप्रमाणे प्रश्न तेथेच मिटावयास हवा होता. प्रत्यक्षात आठच दिवसांनी, १३ जुलै रोजी, पंतप्रधान त्सिप्रास यांना ब्रुसेल्स येथे नव्या कर्जासाठी कठोर अटी मान्य कराव्या लागल्या.

यात केवळ धनकोंच्या अरेरावीकडे बोट दाखविणे सोपे आहे; परंतु ते न्यायाचे नाही. कर्ज देणाऱ्या देशांतही करदाते होते, मतदार होते आणि त्यांनी निवडलेल्या संसदा होत्या. एका देशाचे लोकमत दुसऱ्या देशांच्या लोकमतावर आदळले. दोघांनाही आपली वाटेल आणि दोघांनाही उत्तरदायी असेल, अशी निवाडा करणारी सत्ता मात्र कोठेच नव्हती.

राष्ट्राच्या सीमेपलीकडील नागरिकत्वाचा आजवरचा सर्वांत धाडसी प्रयोग युरोपनेच केला, हे विसरता येणार नाही. १९९२ च्या मास्ट्रिक्ट कराराने 'युरोपीय संघाचे नागरिकत्व' निर्माण केले. पोर्तुगालचा नागरिक जर्मनीत जाऊन राहू शकतो, नोकरी करू शकतो, तेथील स्थानिक निवडणुकीत मतही देऊ शकतो. ज्या फ्रान्स आणि जर्मनीने सत्तर वर्षांत तीन युद्धे केली, त्यांच्या सीमेवर पुढे अनेक वर्षे पहारे शोधावे लागत. ही सिद्धी लहान नव्हे.

परंतु अधिकार वाढले, त्या प्रमाणात आपलेपणा वाढला काय? युरोपीय संसदेची पहिली थेट निवडणूक १९७९ साली झाली, तेव्हा सुमारे ६२ टक्के मतदान झाले होते. २०१४ साली ते ४३ टक्क्यांच्याही खाली आले. २०१९ मध्ये ते पुन्हा निम्म्याच्या वर चढले, एवढेच. या संसदेला कायद्याचा प्रस्ताव मांडण्याचा सर्वसाधारण अधिकार नाही. तो आयोगाकडे आहे. २००५ साली फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या जनतेने युरोपीय राज्यघटनेचा मसुदा फेटाळला, तरी त्यातील बहुतांश तरतुदी लिस्बन कराराच्या रूपाने परत आल्या. आयर्लंडने २००८ साली तो करार नाकारला, तेव्हा काही आश्वासने देऊन पुढच्याच वर्षी पुन्हा कौल मागण्यात आला.

ब्रिटनने तर २०१६ साली सार्वमताने बाहेर पडण्याचा निर्णय घेतला आणि २०२० साली तो अमलात आला. युरोपात स्थायिक झालेल्या ब्रिटिशांपैकी काहींनी आपले युरोपीय नागरिकत्व टिकावे म्हणून न्यायालयाचे दार ठोठावले. २०२२ साली संघाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मूळ देश संघात नाही तर हे नागरिकत्वही नाही. म्हणजे वरचा मजला कितीही प्रशस्त असो, पाया राष्ट्राचाच होता.

भारतानेही या प्रश्नाला आपल्यापरीने उत्तर दिले आहे. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या न्यू जर्सीतील मराठी माणसाला 'ओसीआय' कार्ड मिळते. तो व्हिसाविना येतो, घर घेतो. पण मत देऊ शकत नाही आणि शेतजमीन विकत घेऊ शकत नाही. नाते मान्य केले, सत्तेतील वाटा मात्र राखून ठेवला. यावर मतभेद असू शकतात; तत्त्व मात्र स्पष्ट आहे. निर्णयाचे परिणाम जो भोगणार, त्याच्या हाती निर्णय असावा.

प्रदूषण, भांडवल, रोगराई यांना सीमा ठाऊक नाहीत. म्हणून राष्ट्रांना एकत्र बसून नियम करावेच लागतील. पण लोकशाहीची खरी कसोटी जिंकणाऱ्याची नसते, हरणाऱ्याची असते. निवडणुकीत हरलेला माणूस निकाल स्वीकारतो, कारण जिंकलेलेही त्याला आपलेच वाटतात आणि पाच वर्षांनी त्यांना खाली खेचता येईल, हा भरवसा असतो. हा आपलेपणा करारावरील स्वाक्षऱ्यांनी उत्पन्न होत नाही. तो पिढ्यांच्या सहजीवनातून रुजतो.

तो रुजेपर्यंत जागतिक सत्तेच्या प्रत्येक मेजापुढे एकच प्रश्न विचारला गेला पाहिजे : आज येथे बसलेल्यांना उद्या घरी पाठविण्याचा अधिकार कोणाला आहे?