सिद्दी : एक समाज, तीन उपासना

(जळगाव येथील एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्या खानदेशात कानबाई बसते. नारळाला साजशृंगार होतो, रोटासाठी भाऊबंद गोळा होतात आणि एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे चुलतभाऊही त्या दिवशी एका पंगतीला बसतात. त्या नारळात आपण देवी पाहतो. आज मी अशा समाजाविषयी बोलणार आहे, जो नारळात आपले पूर्वज पाहतो. ते पूर्वज आफ्रिकेतून आले होते.

‘सिद्दी’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जंजिरा उभा राहतो. शिवछत्रपतींनी त्याला शह देण्यासाठी पद्मदुर्ग उभारला, शंभूराजांनी वेढा घातला, तरी जंजिरा हाती आला नाही. कोकणच्या रयतेने सिद्दीचा जो जाच सोसला, तो विसरण्याचे कारण नाही. परंतु एका किल्ल्यावरून एका समाजाची ओळख ठरवता येत नाही. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला, खानदेशची फारुकी सत्ता संपली आणि बुऱ्हाणपूर हे मोगलांचे दक्षिणेवरील स्वाऱ्यांचे ठाणे झाले. त्या मोगलांना पुढची पाव शतके झुंजवत ठेवणारा मलिक अंबर हा इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हबशीच होता. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. म्हणजे आपल्या इतिहासात हबशी शत्रू म्हणून आहे, तसाच सहकारी म्हणूनही आहे.

राजे आणि सरदार इतिहासात नोंदले गेले, सामान्य सिद्दी मात्र रानात राहिला. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या आफ्रिकी गुलामांपैकी अनेकजण जाच असह्य होऊन घाटावरच्या जंगलात पळाले. त्यांचे वंशज आज कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड, अंकोला या तालुक्यांत राहतात. घरात पुष्कळजण कोकणी बोलतात. त्यांच्यात हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत आणि मुसलमानही आहेत. पूर्वजांना ते ‘हिरियारू’ म्हणतात. हिरियारू म्हणजे वडीलधारे. घरात नारळ मांडून त्यांची पूजा होते. यल्लापूरजवळच्या सातुंबैल येथे सिद्दी नास नावाचे त्यांचे रानातले दैवत आहे. तेथील वार्षिक पूजेला तिन्ही धर्मांचे सिद्दी जमतात.

सिद्दी स्त्रिया जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून गोधडी शिवतात. तिला तेथे ‘कवंदी’ म्हणतात. कोणी तीत क्रूस शिवते, कोणी चंद्रकोर. टाक्याची रीत मात्र एकच. चारही कोपऱ्यांना कापडी फुले लावल्याशिवाय कवंदी पूर्ण झाली असे कोणीच मानत नाही. आपल्याही आजीच्या गोधडीत साऱ्या घराचे कपडे एकत्र येत. एका समाजाचे घर कसे नांदते, हे समजण्यास याहून वेगळे उदाहरण नको.

गुजरातचे सिद्दी बहुतेक मुसलमान आहेत. भरूच जिल्ह्यातील रतनपोरचे बावा गोर हे त्यांचे श्रद्धास्थान. ते मूळचे हबश देशाचे आणि अकीकाचे व्यापारी, अशी आख्यायिका आहे. तेथे हिंदू आणि पारशीही नवस बोलतात.

हे सारे भारतात येऊन घडले असे कोणी समजू नये. आफ्रिकेतही एका जमातीत एकच उपासना असते, असे नाही. इथिओपियातील ओरोमो लोकांत मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत आणि ‘वाका’ या परंपरागत ईश्वराला भजणारेही आहेत. पावसाळा संपला की बिशोफ्तू येथील होरा तलावाकाठी हिरवे गवत आणि फुले हाती घेऊन ते आभाराचा उत्सव करतात. नायजेरियाच्या योरुबांमध्येही हेच दिसते. त्यांच्या ओसुन देवीची ओसोग्बो येथील देवराई २००५ मध्ये जागतिक वारसास्थळ ठरली.

मित्रहो, आता एक कबुली देतो. तरुणपणी यावल-रावेर भागातील तडवी बांधवांवर मी एक वृत्तान्त लिहिला होता. त्यात त्यांचा उल्लेख केवळ ‘मुस्लिम समाज’ असा केला. आठवडाभराने एक वृद्ध तडवी हातात ते वर्तमानपत्र घेऊन कार्यालयात आले. म्हणाले, “भाऊ, नमाज आम्ही पढतो, हे खरं. पण आम्ही भिल्ल आहोत, हे का लिहिलं नाही?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. शासनाच्या अनुसूचित जमातींच्या यादीत तडवी भिल्ल हे नाव आहे. सातपुड्याने त्यांना ओळखले होते. ओळखले नव्हते ते मी, त्यांच्याच जिल्ह्यात वाढलेल्या पत्रकाराने.

उपासना बदलली म्हणून पूर्वज बदलत नाहीत, हे वाक्य आपण व्यासपीठांवरून पुष्कळदा ऐकतो. खरे सांगायचे तर आपण ते बहुधा दुसऱ्याला सुनावण्यासाठी वापरतो. सिद्दी ते कोणालाही सुनावत नाहीत. सातुंबैलच्या रानात एकत्र येऊन ते तसे वागतात. त्यांच्याकडून आपण शिकायचे ते हेच.

उत्तर कन्नडच्या सिद्दींना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. वनवासी कल्याणाच्या कामातून पुढे आलेले शांताराम सिद्दी २०२० मध्ये कर्नाटकच्या विधान परिषदेवर गेले. सभागृहात पोहोचलेले ते पहिले सिद्दी. गुजरातच्या जांबूर गावच्या हीरबाईबेन लोबी यांनी सिद्दी स्त्रियांना स्वतःच्या पायांवर उभे केले. २०२३ मध्ये त्या पद्मश्रीच्या मानकरी ठरल्या. एक हिंदू, एक मुसलमान. दोघांनीही एकाच समाजाच्या उत्थानाचे काम केले.

आपल्यापैकी अनेक कार्यकर्ते चोपडा, यावल, शिरपूर या भागांत पाड्यांवर जातात. त्यांना माझी एकच विनंती आहे. दारात उभे राहून ‘तुमचा धर्म कोणता?’ हा पहिला प्रश्न करू नका. ‘तुमच्या घरातले वडीलधारे कोण? त्यांच्या गोष्टी सांगा,’ असे म्हणा आणि मग शांतपणे ऐका. ज्या घरात पूर्वजांची आठवण आहे, त्या घराशी आपले नाते जुळायला वेळ लागत नाही. त्या वृद्ध तडवीबाबांना मी तेव्हा हे विचारले नाही. ते आता हयात नाहीत. आपल्या हातून तसे होऊ नये, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.