खेळातले चेहरे

श्रोतेहो, सारीपाट तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. कापडी पट, चार रंगांच्या सोळा लाकडी सोंगट्या. सोंगटी ओळखायची ती रंगावरून. तिला तोंडवळा नसतो.

युरोपात सोळाव्या शतकात मात्र सोंगट्यांना चेहरे आले. जर्मनीतले कारागीर लाकडाच्या वाटोळ्या सोंगट्यांवर राजेराण्यांची चित्रे कोरीत. हान्स केल्स नावाच्या कारागिराने १५३७ साली पहिला फर्डिनांड या राजासाठी एक पट तयार केला. त्यावर त्या राजघराण्यातल्या माणसांचे चेहरे कोरलेले आहेत. तो आज व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. राजाने आपलेच आप्त खेळात मांडले, असे म्हणा ना!

मग आपल्याकडे खेळात चेहरे नव्हतेच काय? होते. ते लाकडावर नव्हते, गंजिफाच्या पानांवर होते. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. दरबारातला हा खेळ पुढे आपल्या लोकांनी आपलासा केला आणि राजाच्या जागी दशावतार बसविले.

रोह्यापासून सुरू होणाऱ्या कोकण रेल्वेने खाली दक्षिणेला गेलात की सावंतवाडी लागते. तेथील चितारी ही पाने करीत आले. कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वाटोळे कापायचे, खडूचा लेप देऊन घोटायचे, मग रंगवून वर लाखेचा हात द्यायचा. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पाने, म्हणजे एकूण एकशेवीस. राजाच्या पानावर प्रत्यक्ष अवतार, त्याखाली प्रधान, आणि एक्क्यापासून दहिल्ल्यापर्यंत खुणेची पाने. मत्स्याच्या सत्तीवर सात मासे, परशुरामाच्या पंजीवर पाच परशू. अक्षरओळख नसलेल्यालाही पान कळावे, अशी ही सोय.

खेळायला तिघे बसतात. प्रत्येकाला चाळीस पाने. दिवसा रामाचा राजा ज्याच्या हाती, त्याची पहिली उतारी. रात्री कृष्णाचा राजा असेल त्याची. शिवाय पाच रंगांत दहिल्ला मोठा, तर उरलेल्या पाचांत एक्का मोठा. कोणते पान पडले, कोणते उरले, हे सगळे ध्यानात ठेवायचे. डोक्याला केवढी तालीम पाहा!

पुढे छापील बावन्न पानी पत्ते स्वस्तात मिळू लागले आणि गंजिफा मागे पडली. चितारी थकले. अशा वेळी सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराला गाठले. सत्त्वशीलादेवी स्वतः ते काम शिकल्या आणि त्यांनी राजवाड्यात कारागीर बसविले. म्हणूनच ही कला टिकली. २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकनही मिळाले.

पण मंडळी, मानांकन मिळाले म्हणून खेळ चालू होत नाही. आज लोक गंजिफा विकत घेतात ती भेट द्यायला किंवा भिंतीवर लावायला. उतारी कोणाची आणि एक्का कुठे वरचढ, हे सांगणारी माणसे थोडी राहिली आहेत. तीही गेली, तर एकशेवीस सुंदर चित्रे उरतील, आणि ती कशासाठी काढली ते कोणी सांगू शकणार नाही.

शिक्षकबंधूंनो, हे काम तुमच्या हातचे आहे. पेणच्या कारखान्यांतून गणपतीच्या मूर्ती साच्यातून निघतात, पण डोळ्यांची आखणी हातानेच होते. ती आखणी घरोघर पाहणारी मुले तुमच्या वर्गात आहेत. त्यांच्याकडून पुठ्ठ्याची वाटोळी पाने कापून घ्या, अवतार रंगवून घ्या. मात्र ती पाने प्रदर्शनाच्या फळ्यावर टाचू नका. तिघातिघांना समोरासमोर बसवा आणि पाने वाटा. दिवसाची शाळा असेल, तेव्हा रामाचा राजा कोणाकडे आहे, एवढे आधी विचारा.